रविवारी चालणारी मशीन

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी निर्मलाकाकूंचं नाव घेतो. आई असताना एकदा हे तिच्यासमोरच बोलून गेलो. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. ती शेंगा फोडत होती, मान वर न करताच म्हणाली, "खरंच हाय ते. मी जन्म देल्ला, तिनं तुले माणसात आणलं."

काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या, जातीतल्याही नव्हत्या. त्या सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होत्या, आणि माझे वडील पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या वॉर्डात होते. मी त्यांच्या सोबतीला राहिलो होतो. मुलगा काय करतो, असं त्यांनी वडिलांना विचारलं. बारावी झाली, आता वावरात येईल, गाव सेलूच्या पलीकडे आडबाजूला, वर्ध्याच्या कॉलेजला जाणं जमत नाही, असं वडिलांनी सांगितलं. काकू सलाईनची नळी नीट करत म्हणाल्या, "माह्या घरी ठेवा. मले लेकरू नाई, अन् घरी उचलाले माणूस पाह्यजे." उचलायचं कोणाला, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

घर सेवाग्रामलाच, दोन खोल्यांचं होतं. मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात टिनाची न्हाणी. पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर काकूंचे यजमान, नारायणराव, पडून असत. मी त्यांना काकाजी म्हणायचो. पुलगावच्या कापडाच्या मिलमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. सूतकताईच्या खात्यात माणसांना कामाला लावणारे जॉबर होते ते, आणि मशीनच्या आवाजावर आवाज काढून काढून घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे म्हणे. मी गेलो तेव्हा लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तो मोठा आवाजही गेला होता. एकेक शब्द ते विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढत. त्यांना सकाळी कुशीवर वळवणं, पुसणं, उशांना टेकवून बसवणं, दुपारी कॉलेजातून आल्यावर पुन्हा बाजू बदलणं ही कामं माझी. पाठीला जखम होऊ द्यायची नाही, हा काकूंचा कायदा होता. त्यांच्या वॉर्डात त्यांनी अशा जखमांनी माणसं जाताना पाहिली होती.

त्या घराची आठवण आली की मला अजूनही आधी थकवाच आठवतो. काकू ड्युटीवरून यायच्या त्या पांढऱ्या साडीतच ओट्यावर बसायच्या. चप्पल काढायलाही त्यांना वेळ लागायचा. मी चहा ठेवायचो. मग त्या उठून ज्वारीच्या भाकरी थापायच्या, तव्यावर लसणाच्या फोडणीचं बेसन घोटायच्या, आणि काकाजींसाठी भाकर वरणात कुस्करून मऊ करायच्या. शेजारी यमुनाबाईंची पिठाची चक्की होती. तिचा घरघराट भिंतीतून येऊन ताटातल्या वरणावर बारीक लहरी उठवायचा. चक्की सुरू झाली की आमचा बल्ब पिवळा पडायचा, आणि शिवारातले पंप सुरू झाले की आणखी पिवळा. जेवताना आम्ही फारसे बोलत नसू. मी सायकलीने दमलेला, काकू वॉर्डाने दमलेल्या आणि काकाजी पडून पडून दमलेले. पडून राहण्याचा थकवा सगळ्यांत वाईट असतो, हे मला आता गुडघ्यांनी घरात बसवल्यावर कळतंय.

कपडे धुण्याची मशीन काकूंनी दवाखान्यातून बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडून घेतली होती. दोन टपांची होती. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. गल्लीत तेव्हा दुसरी मशीन नव्हती. पण काकू ती रोज लावत नसत. पाणी फार लागतं, म्हणून रोजचे कपडे दगडावरच. रविवारी मात्र आठवड्याचे मोठे कपडे मशीनमध्ये. आणि मधल्या दिवसांत ती फक्त एकाच कारणासाठी लागायची: काकाजींची चादर खराब झाली की. ती ओली, जड चादर आणि खालची गोधडी हाताने पिळणं काकूंच्या खांद्याला झेपत नव्हतं. माणसं उचलून उचलून उजवा खांदा धरला होता. हात कानापर्यंत वर जात नसे. वेणी त्या डाव्या हातानेच घालायच्या.

न्हाणीत विजेचं बटण नव्हतं. म्हणून पुढच्या खोलीतून जाड वायर ओढून अंगणातून न्हाणीत नेली होती, आणि खोलीत, काकाजींच्या उशाशी, स्टेबलायझर ठेवला होता. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. लोखंडी डबा, त्याच्या तोंडावर व्होल्टेज दाखवणारा काटा, खाली हाताने फिरवायची खुंटी. वीज कमी आली की खुंटी खट्, खट् करत एकेक घर पुढे न्यायची, काटा वर आणायचा. वीज वाढली की मागे घ्यायची. आमच्या भागात फ्रिज असो की टीव्ही, हा डबा आणि तो फिरवणारं माणूस त्याच्यासोबत असायचंच. काकू खुंटी लावून न्हाणीत जायच्या आणि मशीन सुरू करायच्या.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मशीन बिघडायला लागली. सुरू व्हायची, थोडा वेळ चालायची, आणि मग टपातली चकती थांबून नुसतं हूंऽऽ असं कण्हणं यायचं. काही वेळाने गरम वास. काकू घाईने बटण बंद करायच्या आणि चादर बादलीत घेऊन दगडापाशी बसायच्या. वर्ध्याहून रफिक मिस्त्री आला. मोटार नुसती गुणगुणते आणि उचल घेत नाही, म्हणजे कंडेन्सर गेला असणार, असं म्हणून त्याने तो बदलला. मशीन भिरभिर फिरली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तो पुन्हा आला, त्याच्यासमोर पुन्हा चालली.

"काकू, मशीन तुमच्यावर रुसली हाय," तो म्हणाला. "मले पायलं का सुदी होते."

"मंग तू इथंच राहून जा," काकू म्हणाल्या. "भाकर टाकतो तुह्यी."

यमुनाबाई भिंतीवरून डोकावत होत्या. त्या मला म्हणाल्या, "काऊन रे बीएस्सी, कालिजात मशीन शिकवत नाई काय तुमाले? माही चक्की पाय. तिले ना पट्टा धड, ना मालक धड, तरी चालून राह्यली." मालक, म्हणजे त्यांचे यजमान, चक्कीत पीठ भरत होते, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हसण्यावारी गेलं, पण घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकूंचा खांदा सुजला. एका संध्याकाळी पुलगावकडच्या खेड्यातून काकाजींचे धाकटे भाऊ आले. चहा पिताना त्यांनी मान खाली घालून विषय काढला, "वहिनी, तुमच्यानं आता होत नाई. दिवाळी झाली का दादाले मी घेऊन जातो." ते गेल्यावर त्या मला ओट्यावर म्हणाल्या, "त्याचं मन चांगलं हाय. पण घरी सारे वावरात जातात. दिवसभर कोण याइले कुशीवर करन? पाठ फुटन. उन्हाळा नाई पाहणार हे." मग म्हणाल्या, "पण माह्या हातानं आता होतच नाई रे, मनोहर." नर्स माणूस, पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं. दिसत असूनही त्या हो म्हणायच्या बेतात होत्या. दोन खोल्यांचं घर, काकाजींनीही ते सगळं ऐकलं असणार.

मग मी ती मोटार मनावर घेतली. एका यंत्राने माणसाचं मरण ठरावं हे मला सहन होत नव्हतं. पट्टा पाहिला, तो ढिला नव्हता. आस हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरत होता, म्हणजे तो ज्यात फिरतो तो बुश जाम नव्हता. कॉलेजातल्या सरांना विचारून प्रयोगशाळेतला मीटर शनिवारी घरी आणला. धुण्याच्या मोटारीला तीन वायरी असतात. चकती थोडा वेळ सुलट आणि थोडा वेळ उलट फिरते, त्यासाठी आत दोन गुंडाळ्या. एक गुंडाळी जळली असेल तर दोन्हीकडचा रोध सारखा येणार नाही. मी मोजला, तंतोतंत सारखा आला. मोटार निरोगी होती. तरीही ती आठवड्यातून कितीदा तरी कण्हत थांबत होती.

एक गोष्ट तेवढी खटकत होती. रविवारी ती कधीच बिघडत नसे. रविवारी चादरींपेक्षा जास्त कपडे असायचे, तरी कुरकुर न करता चालायची. मी त्यावर माझी विद्वत्ता लावली: रविवारी कारखाने, कापसाचे जिनिंग बंद, म्हणून विजेचा दाब चांगला. बाकीच्या दिवशी दाब पडतो. ही मोटार दर वेळी थांबून उलट फिरते, म्हणजे दर वेळी नव्याने उचल घ्यावी लागते. दाब कमी पडला की ती उचलच होत नाही, जागीच गुणगुणते आणि तापते. एवढं माझं बरोबर होतं. दाबच पडत होता. पण स्टेबलायझर असताना तो का पडावा?

पुढच्या आठवड्यात चादर खराब झाली त्या दुपारी काकू घरी होत्या. त्यांनी खुंटी लावली, काटा मी स्वतः पाहिला. मग मी न्हाणीत मशीनच्या शेजारी उकिडवा बसलो आणि तिथे आलेल्या वायरीलाच मीटर लावला. मशीन चालू झाली. चक्की बंद होती. मीटरचा काटा स्थिर होता. आणि मग तो खाली आला. सरकत नाही, तर पायरी उतरावी तसा. थांबला. पुन्हा एक पायरी. पुन्हा एक. चकती थांबली आणि मोटार कण्हायला लागली.

चक्की सुरू होते तेव्हा काटा एकदम डुबकी मारतो आणि थोडा वर येतो. पंप सुरू होतात तेव्हा तो हळूहळू ओघळतो. पण वीज अशी मोजून पायऱ्या उतरत नाही. तशी फक्त खुंटी उतरते.

मी बटण बंद केलं आणि अनवाणीच अंगण ओलांडून खोलीच्या दाराशी आलो. काकाजींचा डावा हात उशामागे गेलेला होता, बोटं खुंटीवर. मला पाहून त्यांनी हात काढला नाही. काढायला त्यांना वेळच लागायचा. त्यांनी नुसते डोळे मिटले.

मी पलंगापाशी खाली बसलो. म्हणालो, "काकाजी, मशीन बंद पडली का काकूचे हाल होतात. अन् मंग तुमाले गावी जा लागन."

"मालूम," ते म्हणाले.

"मंग काऊन?"

त्यांनी ओठ जुळवले. शब्द यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, येणारच नाही. "मशीन लागली का... साऱ्याइले... मालूम पडते."

आणि मग मला यमुनाबाईंचा आवाज आठवला. मशीन वाजली की भिंतीपलीकडून त्या सहज विचारायच्या, "झालं वाट्टे आज भाऊजीचं?" त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, पाऊस आला वाटते, असं म्हणावं तसंच ते होतं. काकू "हो नं बाई" म्हणून उत्तर द्यायच्या. रविवारचा आवाज सगळ्या कपड्यांचा होता, मिस्त्रीसमोरचा नुसत्या दुरुस्तीचा. मधल्या दिवसांचा आवाज म्हणजे गल्लीभर दवंडी होती, की ज्या माणसाच्या एका हाकेवर मिलमधलं अख्खं खातं हलायचं त्याने आज अंथरूण ओलं केलं.

मागे पाहिलं तर काकू दारात उभ्या. हातांना साबणाचा फेस. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. मला वाटलं, त्या रडतील. त्या चिडल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"तुमची लाज धुता धुता माहा खांदा गेला, अन् तुमी खुंटी फिरवून राह्यले?" त्या म्हणाल्या. "वार्डात साऱ्या दुनियेचं करतो मी. तिथं कोणाले लाज नाई. घरी आलं का तुमाले लाज! मले सांगता नाई आलं? मी काय परकी हाव?"

काकाजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. ते पुसायला उजवा हात उपयोगाचा नव्हता आणि डावा अजून उशामागेच होता. काकूंनी पदराने पुसलं, तेही रागातच, लहान मुलाचं नाक पुसावं तसं. मग त्या न्हाणीत गेल्या आणि ती चादर दगडावर हातानेच धुतली. मी मशीन लावतो म्हणालो तर "राहू दे" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंची दुपारची ड्युटी होती. सकाळी मी पुस्तक घेऊन अंगणात बसलो होतो. काकू भिंतीपाशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "यमुनाबाई, तुमच्या पिठाच्या गोण्या, अंथरुणं, काय असन ते आणजा. मशीन लावून राह्यली मी. अन् पलीकडच्या माईलेही सांगजा."

"आज काऊन जी? आज तं बुधवार."

"आता रोजच लागन. ठेवली का गंजते म्हणे. मिस्त्री सांगून गेला."

मिस्त्री असं काही सांगून गेला नव्हता. यमुनाबाई गोधडी, चक्कीची फडकी, नवऱ्याचे पिठाने कडक झालेले शर्ट घेऊन आल्या. पलीकडच्या माईंनी नातवाची दुपटी आणली. त्यांच्या ढिगात आमच्या घरची चादर कुठे गेली ते मलाही दिसलं नाही. "बाई, तुमच्या टपात तं माह्या चक्कीचं कणीकच मळून निघन," यमुनाबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटल्या. काकू मशीनचं बटण धरून उभ्या राहिल्या आणि अंगणातून खोलीच्या दिशेने ओरडल्या, "अवो, काटा पाहा! कमी पडला तं वाढवजा!"

आतून काही आवाज आला नाही. मग, खट्. चकती फिरायला लागली.

यानंतर मशीन बिघडली नाही असं नाही. पुढे खरोखरच एक बुश झिजला आणि तो मी आणि रफिक मिस्त्रीने मिळून बदलला. पण त्या कारणाने ती पुन्हा थांबली नाही. मशीन लागली की डबा काकाजींच्या ताब्यात असायचा. चक्की सुरू झाली की बल्ब पिवळा पडायच्या आतच त्यांचा हात खुंटीवर गेलेला असायचा. दिवाळीनंतर धाकटे भाऊ बैलगाडीत गादी घालून आले, तेव्हा काकूंनी त्यांना अनरसे खाऊ घातले आणि गादी तशीच परत पाठवली.

हे सगळं गोड झालं असं वाटू नये म्हणून लिहितो. काकूंचं काम कमी झालं नाही. शेजारच्या कपड्यांचं पाणी, त्यांचं वाळवणं, त्यांच्या गप्पा, सगळं वाढलंच. खांदा सुधारला नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी धुण्यासारखं काही नसायचं, तरी त्या दोन धुतलेल्या साड्या पाण्यात टाकून मशीन फिरवायच्या, आवाजासाठी. मी एकदा म्हणालो, आजचा दिवस राहू द्या. त्या म्हणाल्या, "एक दिवस नाई वाजली, तं दुसऱ्या दिवशीचं वाजणं त्याइच्या कानाले लागन." तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी अभ्यास सोडून त्यांना हातभार लावायला गेलो की त्या मला हाकलून द्यायच्या. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला. त्या पदवीखाली किती बादल्या पाणी आहे ते मला माहीत आहे.

मी मास्तर होऊन चंद्रपूरकडे गेलो. काकाजी त्यानंतरही बरेच दिवस होते, आणि गेले ते घरीच. पाठीवर एकही जखम नव्हती, असं काकूंनी कळवलं होतं. त्याच पोस्टकार्डात, शेवटी, बारीक अक्षरात होतं की आता दोन साड्यांसाठी मशीन कोण लावणार, यमुनाबाईच्या सुनेला देऊन टाकते. मी त्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून उत्तर लिहिलं:

"तीर्थरूप काकूंना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. काकाजी घरीच गेले, तुमच्या हातांतून गेले, यात सगळं आलं. मी तेराव्याला येतोच आहे.

मशीनचं लिहिलंत. काकू, रागावू नका, पण ती देऊ नका. आजवर ती त्यांच्यासाठी लागली, मग गल्लीसाठी लागली. तुमच्या स्वतःच्या साडीसाठी ती कधी लागल्याचं मला आठवत नाही. आवाजासाठी टाकायच्या त्या दोन धुतलेल्या साड्या मी हिशेबात धरत नाही.

दगडावर आता बसू नका. खांदा तेवढाच आहे. ड्युटीवरून आलात की साडी टाका, बटण लावा आणि ओट्यावर बसून राहा. चहा आधी घ्या. तिचं होईल तेव्हा होईल. काही दिवस सुनं वाटेल, पण बसा.

वीज कमी असेल त्या दिवशी लावू नका. दुसऱ्या दिवशी लावा. आता घाई कसलीच नाही.

तुमचा,
मनोहर"